संचालक वहिनी

कंपनीच्या संचालक मंडळावर कामगारांनी निवडलेलं एक माणूस घ्यावंच लागेल, असा कायदा झाला आणि कापड गिरणीतल्या लोकांनी शिवणखात्यातल्या एका बाईला निवडून दिलं. फटकळ होती, पोटात काही ठेवायची नाही, म्हणून.

पहिल्याच बैठकीत तिला काहीतरी खटकलं. चेअरमननी स्वतः उठून खुर्ची ओढून दिली. विषय यायचा, माना डोलायच्या, की पुढचा विषय. इतकं एकमत तर तिच्या घरी भाजी कोणती करायची यावरही होत नसे.

पुढच्या बैठकीला ती मुद्दाम लवकर गेली. चेअरमनच्या खोलीतून हसणं ऐकू येत होतं. तिनं दार ढकललं. सगळे संचालक आतच होते. एकदम चिडीचूप.

"बाई, बैठक पलीकडे आहे," चेअरमन म्हणाले.

"मग तुम्ही सगळे इथं?"

"सहज. गप्पा."

"मलाही आवडतात गप्पा," म्हणत तिनं बैठक मारली.

शेवटी त्यांना बोलावंच लागलं. रंगखातं बंद करून ते काम बाहेर द्यायचं होतं. त्या खात्यात तिचा सख्खा दीर होता. तिनं विरोधात मत दिलं, एकटीनंच. मग म्हणाली, "निदान जमतील तेवढी माणसं दुसऱ्या खात्यांत घ्या. आणि हे त्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा."

"सोमवारी सांगतो. तोवर बाहेर ब्र काढायचा नाही. नियम आहे."

घरी दीर पानावर बसून तिची वाटच बघत होता. "आमच्या खात्याचं काही निघालं?"

"मला विचारू नकोस."

"म्हणजे निघालं!"

"मी काही म्हटलं का?"

"तेच तर! त्यांच्यात बसून त्यांच्यासारखीच झालीस, वहिनी." तो पानावरून उठून गेला. नवराही तिच्याकडे बघेना.

सोमवारी चेअरमन खात्यात आले, सांगून गेले. निम्म्या लोकांना इतर खात्यांत घेतलं. त्यात दीरही होता.

तेव्हापासून ती दिसली की बायकांचं बोलणं थांबायचं. "घरचं माणूस बरोबर वाचलं," कुणीतरी पाठीमागे म्हणालंच.

एका संध्याकाळी दीरानं विचारलं, "माझं नाव कुणी घातलं?"

"कुणी नाही. ज्यांची नोकरी जास्त, त्यांना घेतलं."

"खरं?"

"खरं."

तो "बरं" म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला. त्याला पटलं की नाही, ते काही तिला कळलं नाही.