बिघाड माझ्यात, बोलणी वहिनींना

मित्रांनो, मी मोटार शिकवणाऱ्या शाळेतली एक जुनी गाडी आहे. माझ्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आहे, पण तिच्यावर जाऊ नका. मला सगळे येते. शिकायचे असते ते माझ्यात बसणाऱ्यांना.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सुरुवातीची वर्षे मी एका डॉक्टरीणबाईंच्या दारात काढली. तिथे माझे फार लाड झाले. माझ्यात कुणी शेंगदाण्याचे टरफलसुद्धा सांडत नसे. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली आणि मला गाडीबाईंनी विकत घेतले. गाडीबाई म्हणजे आमच्या शाळेच्या मालकीण आणि एकुलत्या एक शिक्षिका. हे नाव त्यांना शिकायला येणाऱ्यांनीच ठेवले. मी आल्या आल्या त्यांनी शेजारच्या सीटपुढे ब्रेक आणि क्लचचा आणखी एक जोड बसवून घेतला. शिकणारा गांगरला की त्या आपल्या पायाने मला थांबवत. तेव्हापासून मी एकाच वेळी दोघांचे ऐकते, आणि तेही कुरकुर न करता.

किती प्रकारची माणसे माझ्यात बसली म्हणून सांगू! कुणी गिअर असा टाकी की माझे दात शिरशिरत. कुणी आरशात मागचा रस्ता सोडून स्वतःचा भांग बघे. पण मी कुणालाही वाऱ्यावर सोडले नाही. "हिच्यावर हात बसला की कुठलीही गाडी चालवता येते," असे लोक म्हणत, आणि ते खरेच होते.

गाडीबाईंचे माझ्यावर लक्ष असे. तेल बदलणे, हवा बघणे, पट्टा ताणणे, सगळे त्या स्वतः करत. मेकॅनिककडे जायचे म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "मला काय हात नाहीत?" असे त्यांचे ठरलेले उत्तर.

एक दिवस त्यांची वहिनी माझ्यात येऊन बसली. गाडीबाईंचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि या वहिनी गावाबाहेर रोपवाटिका चालवत. वहिनी रोपे वाढवत आणि दादा ती छोट्या व्हॅनमधून घरोघरी पोचवत. मात्र दादांची नजर हळूहळू अधू होत चालली होती. एकदा त्यांनी रस्त्याकडेच्या टपालपेटीला "अहो, जरा बाजूला व्हा की!" असे दोनदा सांगितले. शेजारी बसलेल्या वहिनी आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. त्या दिवशी दादांनी किल्ली खुंटीला टांगली. व्हॅन पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि रोपे कुंडीतच जून होऊ लागली. आता वहिनींनी गाडी शिकायची, नाहीतर रोपवाटिका बंद करायची, असा प्रश्न उभा राहिला.

वहिनींनी पन्नाशी ओलांडली होती. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंग असे धरले, जणू ते सोडले तर मी उडून जाईन. पण बाई चिकाटीची! चुकत, पुटपुटत, स्वतःलाच दटावत त्या शिकल्या. क्लच सोडताना त्यांचा पाय इतका हलका पडू लागला की मला कळायचेही नाही. चढावर थांबून पुन्हा निघणे त्यांना जमले, त्या दिवशी गाडीबाईंनी खिडकीतून डोके काढून शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याला सांगितले, "आमची वहिनी आहे बरं का!"

लायसन्सची परीक्षा जवळ आली. त्या दिवशी मी अगदी झोकात असावे, म्हणून गाडीबाईंनी माझे प्लग बदलायला काढले. मित्रांनो, माझ्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकात पेट्रोलची वाफ भरते आणि प्लग तिला ठिणगी देतो. चौघांनी आपापल्या वेळी ठिणगी दिली की मी लोण्यासारखी चालते. एकाने जरी दांडी मारली, तरी माझी चाल बिघडते.

तिसरा नवा प्लग बसवताना तो गाडीबाईंच्या हातून फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला, फुंकर मारली, "काही झालं नाही" म्हणाल्या आणि बसवून टाकला. पण झाले होते. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी बारीक चीर गेली होती. ठिणगी जिथे पडायची तिथे न पडता त्या चिरेतून भलतीकडेच पळू लागली. मला हे कळत होते, पण सांगू कशी? मला एकच भाषा येते, थरथरण्याची. मी थरथरले.

"नवे आहेत, बसतील हळूहळू," गाडीबाई बॉनेट बंद करत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. उभ्या-उभ्या मी नुसती कापत होते, पण चढ लागला आणि मला धक्के बसू लागले. मध्यावर आल्यावर मी बंदच पडले.

"वहिनी, क्लच! किती वेळा सांगू?" गाडीबाई म्हणाल्या.

वहिनींनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला गाडीबाईंचा तोल सुटला. "अगं, परीक्षा तोंडावर आलीय आणि तू शिकलेलं सगळं विसरलीस? पाय आहे की दगड?"

वहिनींनी हँडब्रेक ओढला. पदराने चेहरा पुसला. "वन्सं, नाही जमायचं मला. माझं नाव काढून टाका. व्हॅनला गिऱ्हाईक बघायला सांगते ह्यांना." आणि दार उघडून त्या चढाच्या कडेने चालू लागल्या.

मला इतके वाईट कधीच वाटले नव्हते. दोष माझ्या पोटात आणि शिक्षा त्या माउलीला!

गाडीबाई तणतणत माझ्या स्टिअरिंगवर येऊन बसल्या. त्यांनी मला सुरू केले, चढावर घातले, आणि मी त्यांनाही तसेच धक्के दिले. अगदी सढळ हाताने दिले. पुढे गेलेल्या वहिनी तो आवाज ऐकून थबकल्या. त्या मागे फिरल्या आणि खिडकीत वाकून शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, आता पाय कुणाचा आहे?"

गाडीबाईंनी इंजिन बंद केले.

"माझं एखादं रोप अचानक मान टाकतं ना," वहिनी म्हणाल्या, "तेव्हा मी आधी आठवते, काल-परवा आपण त्याला काय घातलं. गाडीला काल काय केलंत?"

"प्लग बदलले," गाडीबाई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता.

कशीबशी लंगडत मी घरी पोचले. गाडीबाईंनी बॉनेट उघडले. वहिनींच्या हातात त्यांनी विजेरी दिली, मग काहीतरी मनात येऊन ती काढून घेतली आणि म्हणाल्या, "तू आत बस. मी सांगेन तेव्हा चालू कर, सांगेन तेव्हा बंद."

आधी त्यांनी चारही वायरी दाबून पाहिल्या. घट्ट होत्या. वायरींची अदलाबदल झाली आहे का, तेही तपासले. झाली नव्हती. मग त्यांनी एकेकाची परीक्षा घेतली. मला बंद करून एका प्लगची वायर काढायची, मला सुरू करून ऐकायचे, बंद करून वायर परत लावायची. पहिली वायर काढली, तशी मी फारच डगमगले. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसऱ्याचेही तसेच. तिसरी वायर काढली, आणि माझ्या चालीत काडीचाही फरक पडला नाही.

"हाच!" वहिनी आतून ओरडल्या. "हा नुसता हजेरी लावतोय!"

गाडीबाईंना हसू आले. "पण प्लगच वाईट आहे की वायर, ते कळायला हवं." इंजिन निवल्यावर त्यांनी दुसरा आणि तिसरा प्लग एकमेकांच्या जागी बसवले. पुन्हा तपासले, तेव्हा दुसरा सिलिंडर मुका झाला होता आणि तिसरा कामाला लागला होता. दोष प्लगबरोबर चालत गेला होता. गाडीबाईंनी तो काढला, उजेडात धरला, बोटाने फिरवला. चीर दिसली.

त्या जागी माझा जुना प्लग परत आला. तो झिजलेला होता, पण प्रामाणिक होता. वहिनींनी किल्ली फिरवली आणि मी अशी गुणगुणले की शेजारची मांजर टपावर येऊन बसली.

"वहिनी, तुला नाही नाही ते बोलले गं मी," गाडीबाई हात पुसत म्हणाल्या. "प्लग माझ्याच हातून पडला होता. माहीत असून मी तुझ्या पायाला नावं ठेवली."

"ठेवा हो. घरचाच पाय आहे," वहिनी म्हणाल्या. "पण आता सरका तिकडे. मला तो चढ चढायचाय."

आणि तो त्यांनी असा चढला की गाडीबाईंना आपल्या ब्रेकला पाय लावावा लागला नाही.

परीक्षेच्या आधी त्या जुन्या प्लगच्या जागी नवा प्लगही आला. परीक्षा घेणारे साहेब माझ्यात बसले, तेव्हा वहिनींचे हात गार पडले होते. पाय मात्र ठाम होता. मी माझे काम चोख केले, त्यांनी त्यांचे. उतरताना साहेब एवढेच म्हणाले, "कुणी शिकवलं?" वहिनी म्हणाल्या, "नणंदेनं. आणि हिनं." मित्रांनो, 'हिनं' म्हणताना त्यांनी माझ्या दारावर थाप मारली!

आता आमच्याकडे एक दंतवैद्य शिकायला येतात. लोकांच्या दाढा काढताना त्यांचा हात स्थिर असतो म्हणे, स्टिअरिंगवर मात्र तो पानासारखा कापतो. परवा भर चौकात, सिग्नल हिरवा झाला आणि त्यांनी मला बंद पाडले. मागे हॉर्नचा गलका उठला. डॉक्टरांना दरदरून घाम फुटला. आमच्या अगदी मागे एक छोटी व्हॅन उभी होती, रोपांनी खच्चून भरलेली. तिने हॉर्न वाजवला नाही. तिच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला, "अहो, थांबा जरा! शिकतायत ते!" शेजारी बसलेले दादा मान डोलावत होते.

डॉक्टरांनी दम घेतला, सावकाश क्लच सोडला, आणि मी निघाले.

म्हणून मित्रांनो, आमच्यासारख्यांची काळजी घ्या. तेल, पाणी, प्लग वेळेवर बघा. हातून काही पडले तर ते उजेडात धरून बघा. आणि नवा माणूस अडखळला, तर त्याला बोल लावण्याआधी एकदा बॉनेट उघडा.