पाकळीच्या आत पाकळी

मावशीच्या विणकामाच्या खोलीत सुताचे बारीक तंतू तरंगत होते. सगळं कसं पेंगुळलेलं, आणि मी मात्र टक्क जागी! वाचनालयाच्या उंच खिडकीसाठी जाळीदार पडदा विणायचा होता. मावशी यंत्रावर जुनीच चौकड्यांची नक्षी चढवून सुयांत सूत ओवायला बसली, तेवढ्यात मी मध्ये तोंड घातलं.

"माझं फूल घे ना! संगणक सगळे टाके मांडून देईल."

"माझं सूत ओवून होईपर्यंत फूल दिसलं तर घेते," मावशी म्हणाली. "नाहीतर चौकड्या. मग रुसून बसायचं नाही."

माझं अख्खं फूल म्हणजे एकच नियम. पाकळीला कड विणायची आणि आत एका मापाने लहान अशा दोन पाकळ्या ठेवायच्या. त्या दोघींनाही हाच नियम. मी एकदाच सांगायचं आणि फुलाने आपलं आपण उमलायचं! मी ऐटीत नियम लिहिला, पाकळी[माप]. मग विचारलं, पाकळी[५]?

उत्तर आलं: पाकळी[५].

"अगं, हा तर पोपट," मावशी सुई न सोडता खुदकन हसली.

संगणकाची ही भाषा ओळख पटली नाही तर रागावत नाही. दिलेलं जसंच्या तसं हातात परत ठेवते, इतकी मऊ. मी स्क्रीनकडे बघत राहिले आणि एकदम उमगलं. 'माप'पुढची छोटी रेघ मी दिलीच नव्हती! ती रेघ म्हणजे रिकामी खुर्ची, येईल त्याने बसावं. ती नसली की संगणक फक्त 'माप' या शब्दाचीच वाट बघतो. दारात पाचचा आकडा उभा असला तरी त्याला त्याचं काय!

रेघ दिली मात्र, पाकळ्या सुटल्याच. पाकळीत पाकळी, तिच्यात पाकळी... शून्य झालं, उणे एक झालं, उणे दोन झालं, खुर्चीवर सगळेच बसत होते. मी पाण्याखाली डोळे उघडे ठेवून खोल खोल उतरतेय असं वाटत होतं. खाली तळच नव्हता, आणि खरं सांगू? वर यावंसंही वाटत नव्हतं.

"बाई गं, माझी शेवटची सुई राहिलीये हं!"

धाडकन वर आले. संगणक थांबवला. थांबायचं कुठे, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. शून्यासाठी वेगळा नियम हवा होता. खास नियम असला की संगणक आधी तो बघतो, मग सरसकट.

"मावशी, सगळ्यात लहान पाकळीत काय ठेवू? सुचतच नाहीये!"

"काही नको. टाका सोड, भोक राहू दे. माझ्या जाळीत निम्मं काम भोकंच करतात, आणि दमतही नाहीत."

पाकळी[०] म्हणजे टाका सोड. लिहिलं. विचारलं. श्वास धरला.

फूल उमललं! कडा, आत कडा, आणि अगदी आत इवली इवली मोकळी जागा.

मावशीच्या हातात सुताचं टोक तसंच राहिलं. ती स्क्रीनजवळ आली, एका पाकळीवरून बोट फिरवत आत आत गेली आणि त्या मोकळ्या जागेवर थांबली. मग तिने चौकड्यांची नक्षी यंत्रावरून उतरवली.

"बघत काय बसलीस? पडद्याला चार कडा असतात. त्यांच्यासाठी पण लिही काहीतरी."