चार जोड चपला

“इमाम म्हणजे जहाजाचा कप्तान! तो पुढं, दुनिया मागं!” थेरगावच्या मशिदीत दिवेलागणीच्या नमाजेला उभं राहता राहता इनायतमियांनी जाहीर केलं, आणि वळून न बघताच हुकूम सोडला, “रांग सरळ करा.”

रांगेत एक मांजर होतं. ते सरळ झालं नाही.

बाहेर पायरीशी मात्र चार जोड चपला होत्या. पिंपरीला कारखाना निघाला, तशी नमाजेला येणारी सारी जमात शिफ्टच्या मागं तिकडच्या चाळीत राहायला गेली आणि नव्या बुटांच्या भरात जुन्या चपला इथंच टाकून गेली. इब्राहिमची टाच झिजलेली, हसनची टायरच्या तळव्याची. अजान दिली की इनायतमियां त्या झटकून दारात मांडत. कारण अकबरशेट. मशिदीचा कारभार त्यांच्याकडे, इमामाचा शिधाही त्यांच्याकडूनच. परवा ते म्हणाले होते, “मागं माणूस नसंल तर पुढं इमाम कशाला? ईदपर्यंत बघतो, मग कुलूप.” आणि वखारीतून घरी जाताना त्यांची सायकल रोज याच रस्त्यानं जाई.

नमाज संपली. रीतीप्रमाणं इनायतमियांनी मान उजवीकडं वळवून सलाम केला, मग डावीकडं. दोन्हीकडं भिंत होती. डावीकडची त्यांनी जरा जास्तच वेळ बघितली.

दारात गोजाबाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. पोर किरकिरलं की इमामाची फुंकर घालून न्यायची, ही तिच्या सासूपासूनची चाल. इनायतमियांनी पुटपुटत तीनदा फुंकर घातली. पोर शिंकली.

“लागू पडलं,” ते गंभीरपणे म्हणाले.

“मियासाब, सकाळी अकबरशेट इचारत हुते. लोक येत्यात का म्हनून.”

इनायतमियांचा हात खांद्यावरच्या रुमालाकडं गेला. “मग?”

“म्हनलं, चपलांनी पायरी दिसत न्हाई. खोटं कुठं बोलले?”

त्यांनी रुमालानं कोरडाच चेहरा पुसला. मग पुन्हा पुसला.

“पन रोज त्याच जागी नका ठिवू. मानसं काय मापून चपला काढत्यात व्हय?” ती पायरी उतरली आणि थबकली. “आन् हसनभाऊ काय आता माघारी येत न्हाई. ती टायरची जोडी आमच्या म्हाताऱ्याला द्या की. रानात पाय लई भाजत्यात त्याचं.”