पेंटरची अक्षरं आणि माझा छोटा पंखा

ज्या वर्षी दादाचं लग्न झालं आणि आतली खोली त्याच्याकडे गेली, त्याच वर्षी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात मला बसवलं. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. आत सतत काहीतरी घरघरत असतं. ते का, तेच सांगतो.

या घरातले बाबा दुकानांचे बोर्ड रंगवायचे. गल्ली त्यांना पेंटरच म्हणे. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला. सकाळी थोडा वेळ तेवढा हात स्थिर असे. त्यांच्या वळणाची सगळी अक्षरं संगणकात उतरवायची, म्हणजे ती कुणालाही टाइप करता येतील, असं धाकट्या लेकीने मनावर घेतलं. हात किती दिवस साथ देईल याचा भरवसा नव्हता, म्हणून तिची घाई.

माझे भाग तिने एकेक करून निवडले. रंग खरे दाखवणारा पडदा घेतला, भरपूर रॅम घेतली, बाबांना पेनाने चितारता येईल अशी पाटी घेतली. मग खर्चाला हात आखडता घेतला. डिस्क एकच घेतली आणि पंखा लहानसा.

"मोठा पंखा घे," दादा म्हणाला. "हे सॉफ्टवेअर मशीनला तापवतं."

"बाबांना आवाज खपत नाही. घरात विमान उतरवू का?"

पहिले दिवस झकास गेले. बाबा पेन फिरवायचे, पडद्यावर अक्षर उमटायचं. शेजारीपाजारी बघायला यायचे. माझा पंखा धापा टाकायचा, पण कौतुकापुढे त्याचं काय!

काम थांबलं की रंगाच्या डब्यांवर जाड कापड टाकायचं, ही बाबांची जन्माची सवय. एका सकाळी धाकटी पाणी भरायला गेली. मी चालूच होतो. बाबांनी मायेने मला कापडाखाली झाकलं. मी गुदमरलो आणि फाईल लिहिता लिहिताच बंद पडलो. तोवरची सगळी अक्षरं असलेली ती फाईल पुन्हा उघडली नाही. दुसरी प्रत नव्हती.

"धूळ बसेल म्हणून झाकलं गं," बाबा म्हणाले.

"तो मागून वारा घेतो, बाबा." तिचा आवाज चिरकला. "चूक माझीच. एकाच डिस्कवर सगळं ठेवलं."

"आता तरी मोठा पंखा आणू?" दादाने विचारलं.

"दोन आण. विमान उतरलं तरी चालेल."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या खेपेला रेघा थरथरत उमटल्या.

"सरळ करू का, बाबा?"

"कर की. लोकांना दुकानाचं नाव वाचायचंय, माझं दुखणं नाही."

तिने एक रेघ सरळ केली, पुन्हा होती तशी केली, पुन्हा सरळ केली. मी नुसता घरघरत राहिलो.

मित्रांनो, यंत्राला झाकून माया करू नका. त्याला वारा द्या. जे जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा, आणि ज्याच्याकडून शिकायचं त्याच्याजवळ आजच बसा.

साधी अक्षरं पुरी झाली. जोडाक्षरं राहिली. बाबा त्याच वर्षी, हिवाळा सरताना गेले.