यमुताई जामीन राहतात

प्रीतमला जामीन मंजूर होऊन महिना होत आला, तरी तो तुरुंगातच होता. कोर्टाला घरटॅक्सची पावती असलेला एक माणूस हवा होता, जो सही करून म्हणेल की हा तारखेला येईल. असा माणूस शोधायचा आणि मग आरोपीला प्रत्येक तारखेला कोर्टात नेऊन उभं करायचं, हे आमचं काम. आमचं म्हणजे माझं आणि गिरिधरकाकांचं. पगार कोणी देत नाही, डोकं मात्र सगळे खातात.

प्रीतम कूलरवाला. वस्तीतल्या यमुताईंच्या घरी कूलरच्या जाळीतली खस बदलून गेला आणि त्याच दिवशी त्यांचं चांदीचं तबक नाहीसं झालं. त्यांनी फिर्याद दिली. आता मे महिना, कूलरवाल्यांचा ऐन हंगाम, आणि हा आत. त्याची आई कौसल्याबाई रोज फोन करून एकच विचारायची, "भेटला का वं कोणी?"

वस्तीत प्रीतमच्या नावानं शपथा घ्यायला सगळे तयार. महादेवराव तर म्हणाले, "पोरगं सोनं आहे सोनं! त्यानं चोरी केली असन तर माही मिशी काढा!" पण त्यांची घरटॅक्सची पावती सापडून नव्हती राहिली. दुसऱ्याची पावती भावाकडे, तिसऱ्याची उंदरानं खाल्लेली. आमच्या नंदनवन वस्तीतले उंदीर इतके कागद खातात हे मला तेव्हा कळलं.

चिडून परत येताना यमुताई दिसल्या. ओट्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. त्यांचा कूलर बंद पडला होता. माझ्या डोक्यात किडा वळवळला. ओळखीच्या सगळ्या कूलरवाल्यांना मी फोन करून सांगितलं, यमुताईंनी बोलावलं तर येतो म्हणायचं आणि जायचं नाही.

"सरिता, हा म्हाताऱ्या बाईचा छळ आहे," गिरिधरकाका म्हणाले.

होताच. खोटं कशाला बोलू, मला मजाही येत होती.

यमुताई घामानं पार भिजल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो.

"एकही मेला येऊन नाही राहिला," त्या म्हणाल्या.

"एक येईल, ताई. पण तो आत आहे. तुम्ही जामीन राहा, बाहेर आल्याबरोबर पहिला तुमचाच कूलर."

"ज्यानं माझं तबक नेलं त्याला मीच सोडवू? डोकं फिरलं का वं तुझं?"

"फिरलंच आहे. अख्खी वस्ती त्याले निर्दोष म्हणते आणि सही एकही जण करून नाही राहिला. म्हणून तुमच्या दारात आली."

त्यांनी धाडकन दार लावलं. "झालं समाधान?" काकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी यमुताईंचाच फोन आला. कोर्ट किती वाजता उघडतं, म्हणाल्या. मी हवेत. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या पावती घेऊन आल्या, तेव्हा काकांना कोपरानं ढोसून मी म्हटलं, "बघा, कूलरची करामत!"

यमुताईंनी ऐकलं. "कूलर कालच सुरू झाला," त्या म्हणाल्या. "भाच्यानं कन्हानहून माणूस आणला. आणि तुझ्या एका कूलरवाल्यानं फोनवर सगळं ओकलं. लाज नाही वाटत?"

वाटली. मान वर करवेना. "मग आलात काहून, ताई?" मी विचारलं. तेवढ्यात पुकारा झाला आणि त्या आत गेल्या.

कागद बघून न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही तर फिर्यादी. आरोपीला जामीनही तुम्हीच?"

"हो. माझ्या मते चोर तोच आहे, आणि साक्षीलाही मी तेच सांगणार. पण अजून ते ठरायचं आहे ना साहेब? याला निर्दोष म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या एकाचीही पावती सापडत नाही. माझी सापडली."

वकीलमंडळी हसली. मागच्या बाकावर महादेवराव पाठिंबा द्यायला येऊन बसले होते. ते एकदम वाकून चपलेचा पट्टा शोधू लागले.

यमुताईंनी सही केली आणि कोणाकडेही न बघता निघाल्या. कौसल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि माझा हात घट्ट धरला.

"सरिताबाई, माह्या लेकाले चोर म्हणून राहिली ती," त्या म्हणाल्या. "आन तिच्याच पाया पडावं वाटते मले. काय करू वं?"