शेनवहिनींचा राग

"वहिनी, मनगट सैल सोडा. मी काही ओढून नेत नाही तुम्हाला."

शेनवहिनींनी ऐकलं की नाही, कळलं नाही. निंग वैद्यांनी उजव्या मनगटावर तीन बोटं टेकवून डोळे मिटले. मधल्या बोटाखाली नाडी मागच्या खेपेसारखीच लागली, कुणीतरी गाठ मारून विसरून गेल्यासारखी.

"आई जेवते का गं?" त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं.

"दोन घास पेज. तीही मी ओरडले तर," यानच्यू म्हणाली. "काका, उठता-बसता एकच. त्या दिवशी बाबा म्हणाले छातीत जड वाटतंय, आणि ही म्हणाली, आधी रांजण ढवळून या, मग पडा. तेच घोकत बसते."

"मी म्हणाले होते," शेनवहिनी म्हणाल्या. तेवढंच.

शेन अंगणात चटणीच्या रांजणांपाशीच कोसळला आणि गेला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. निंग वैद्यांचा तो लहानपणापासूनचा मित्र. दवाखाना बंद केला की वैद्यांचे पाय आपोआप त्याच्या अंगणाकडे वळत. सोंगट्यांचा एखादा डाव, गरम भात, आणि त्यावर शेनच्या घरची घेवडा-मिरचीची आंबवलेली चटणी. साऱ्या सिच्वान प्रांतात अशी चटणी नाही, असं शेन म्हणायचा आणि वैद्य मान डोलवायचे. वैद्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणत, "वहिनींच्या हातचं मिळतंय, मग कशाला?" त्या थट्टेत थट्टा किती, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही.

आधी त्यांना वाटलं, वहिनींच्या अंगात ओल धरली असेल. नदीकाठचं गाव, महिनोन्‌महिने धुकं. निम्म्या दुखण्यांचं मूळ तिथे ओलीतच सापडायचं. त्यांनी सुकवलेल्या संत्र्याची साल दिली, वेलदोडा दिला, आलं दिलं. काही लागू पडेना. वहिनी वाळत चालल्या. रांजणांवरची झाकणं निघेनात, दुकानाची फळी उघडेना.

बाहेरून आलेलं दुखणं वैद्यांना बाहेर घालवता येत होतं. थंडी असेल तर ऊब द्यायची, उष्णता असेल तर निववायची, पारडं समतोल झालं की माणूस उठतो. पण हे आतून उठलेलं होतं. एकच विचार इतका उगाळला गेला होता की त्यांच्या शास्त्राप्रमाणे भूक सांभाळणारी प्लीहा थकली होती, अन्न नको म्हणत होती. अशा विचाराला तोडायला दुसरी भावना लागते, हे त्यांना गुरूंनी शिकवलं होतं. राग. झाडाचं मूळ जशी घट्ट माती फोडतं, तसा राग साचलेला विचार फोडतो. गुरूंनी शिकवलं होतं खरं, पण आयुष्यात कुणाला चिडवायची वेळ वैद्यांवर आली नव्हती. औषध कडू लागलं तरी रोग्याची माफी मागणारा माणूस तो.

एका सकाळी ते शेनच्या घरी गेले, अंगणात शेजारणी होत्या तेव्हाच. एका रांजणाचं झाकण काढून त्यांनी बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकले.

"सडू द्या, वहिनी. बरंच झालं. शेनच्या चटणीला चव होतीच कधी? मैत्रीखातर गिळली इतकी वर्षं. घरी दिलेली बरणी मी डुकरांना घालायचो."

शेनवहिनींनी मान वर केली.

"आणि कामाच्या नावानं तर शंख! ढवळायचं म्हटलं की याच्या छातीत जड व्हायचं. ढोंगी नुसता. त्या दिवशीही ढोंगच केलं असेल, जरा जास्त झालं एवढंच."

मग शेनवहिनी उठल्या. महिनाभर कुणाच्या आधाराशिवाय न उठलेल्या बाईनं रांजण ढवळायचा लाकडी दांडा उचलला आणि वैद्यांच्या खांद्यावर हाणला.

"ढोंगी? माझा नवरा ढोंगी? धुक्यात उठून हात फुटेस्तोवर राबला तो! त्याच्या ताटात जेवलात, मेल्या माणसाला बोलता? चालते व्हा! तुमची सावली नको या दारात!"

ओरडता ओरडता आवाज फाटला आणि त्या मटकन बसून रडायला लागल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच.

यानच्यू रागानं वैद्यांच्या मागे धावली. ते भिंतीपलीकडे जमिनीवर बसले होते. चेहरा पांढराफटक.

"भात टाक," ते म्हणाले. "मऊसर. आता भूक लागेल तिला."

ती बघतच राहिली. "काका... हे औषध होतं?"

"बोलू नकोस तिच्यापाशी. कळलं तर राग निवेल, आणि गाठ परत बसेल."

त्या दुपारी शेनवहिनी वाडगाभर भात जेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे रांजण उघडले. "डुकरांना घालायचा म्हणे!" असं पुटपुटत ढवळत राहिल्या, नासलेलं फेकलं, नवी मिरची आणवली. दुकान उघडलं. गावानं वैद्यांना नावं ठेवली, काही रोगी पलीकडच्या काठावरच्या वैद्याकडे जायला लागले. संध्याकाळी निंग वैद्य स्वतःपुरता भात लावायचे, मिठाशी खायचे.

हिवाळ्यात एक दिवस दवाखान्याचा पडदा सरला. शेनवहिनी आत आल्या. अंगावर मांस आलं होतं, गालांवर रंग होता. वैद्य उभेच राहिले.

"पोरीनं सांगितलं मला," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "औषध होतं म्हणे."

"हो."

"लागू पडलं."

वैद्यांनी मान हलवली.

"पण शब्द त्याच्याबद्दल होते, भाऊजी. तुमच्या तोंडून आले. रोज ठरवते, विसरायचं. जमत नाही." त्या थांबल्या. "खोटं कशाला बोलू? अजून नाही जमत."

"नका विसरू," वैद्य म्हणाले. "घाई नाही."

त्या बाकावर बसल्या आणि तोंड तसंच फिरवलेलं ठेवून हात पुढे केला. वैद्यांनी बोटं टेकवली. मधल्या बोटाखाली नाडी मोकळी वाहत होती. त्यांनी हवा होता त्याहून थोडा जास्तच वेळ घेतला.

"उत्तम आहे. आता औषध नको."

"मग आता यायचं कारण नाही."

"नाही."

त्या उठल्या, पडदा सारून गेल्या. बाहेर बसलेला म्हातारा नावाडी गुडघा चोळत आत आला, बाकावर टेकला आणि मनगट पुढे करता करता थबकला.

"वैद्यबुवा, पडद्याकडे काय बघत बसलाय?"

"वारा सुटलाय," निंग वैद्य म्हणाले, आणि त्याची नाडी शोधू लागले.