हात केला

मुक्ताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उजवा हात आडवा काढून दाखवला.

"असा केला."

रविराज विमान अपघाताच्या चौकशीला आला होता. चार दिवसांपूर्वी याच बाजरीच्या रानावर एका शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान फार खाली उडताना विजेच्या तारेला धडकून पडलं आणि आतला एकटा पोरगा जागीच गेला. इतक्या खाली यायची त्याला परवानगी नव्हती. मग आला कशाला, एवढंच रविराजला शोधायचं होतं. पण सात जणांनी सात तऱ्हा सांगून त्याच्या डोक्याचा पार भुगा केला होता.

हात हलवला की केला, असं त्याने विचारलं. मुक्ताबाईंना प्रश्नच खुळा वाटला. हात हलवतात तो निरोपाला, हात करतात तो गाडीला. पाथर्डी फाट्यावर हात केला की एसटीसुद्धा थांबते. विमान डोक्यावरून चाललेलं बघून त्यांनी आपली गंमत केली, तर ते पुढे जाऊन वळलं आणि खाली आलं. तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"सायेब, माझ्या हातानं आलं का ते खाली?"

रविराजने जबाबाचा कागद पुढे ओढला. पोराचा मोबाईल शाबूत सापडला होता आणि त्यात त्याचा हसरा आवाज होता, 'आजी हात करतीय. थांबा आजी, आलो.' पोरगा राहात्याचा, याच जिल्ह्यातला. त्याला सगळं बरोबर कळलं होतं. अहवालात हे लिहावंच लागणार होतं, पण या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं ते रविराजला समजेना.

"नाही, आजी. तो लांबचा होता, परमुलखातला. आपलं हात करणं त्याला काय कळणार?"

मुक्ताबाईंनी मोठा श्वास सोडला. रविराजलाही हायसं वाटलं. त्याने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला. त्यांनी अंगठा शाईत टेकवला, पण कागदापर्यंत नेला नाही.

"मराठी येत नव्हती त्याला?"

"नाही."

"मंग मी 'तार हाय, वर जा' म्हनून वरडत पळाले, ते बी कळलं नसंल."

रविराज शाईच्या डब्याचं झाकण शोधू लागला.

"ऊसतोडीला फिरून हिंदी येती की मला थोडी," मुक्ताबाई म्हणाल्या. "तवा सुचलीच न्हाई."